चित्रांच्या इतिहासात बाई कुठे असते?

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न फिरायला लागतो, ‘याचा पुढे उपयोग काय?’ सायन्सचा उपयोग सगळ्यांना माहीत असतो, कॉमर्सचा थोडाफार माहीत असतो, आर्ट्‌सचं नाव काढलं की आवाज जरा खाली येतो. आणि एखादी मुलगी म्हणाली की मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचंय, तर आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना काळजी लागते. त्यातून तिथे कलेच्या इतिहासाचा लेखी पेपर असतो, त्यात ग्रीस, रोम, फ्लॉरेन्स, पॅरिस असं सगळं पाठ करावं लागतं, हे कळल्यावर तर विचारूच नका. ‘आपल्याला काय करायचंय त्या गोऱ्यांच्या चित्रांचं? रांगोळी येते ना, बास झालं!’

मैत्रिणींनो, आज या ‘काय करायचंय’बद्दलच लिहिते आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पाश्चात्त्य कलेच्या इतिहासाची तोंडओळख आपल्या मुलींना व्हायला हवी आणि जमलं तर आपल्यालाही. ती फक्त मुंबई-पुण्याच्या लोकांची चैन नाही.

पहिला आक्षेप असतो, हे आपलं नाही. तर आधी आपल्या देवघरात डोकावू या. कमळात उभी असलेली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती ही आपल्या डोळ्यांसमोरची रूपं बरीचशी राजा रविवर्म्याने ठरवून दिलेली आहेत. रविवर्मा (1848-1906) त्रावणकोरचा. तेलरंगात रंगवायची युरोपीय पद्धत त्याने आत्मसात केली. अंगावर पडणारी सावली, साडीच्या चुण्यांवरचा उजेड, मागे दूरवर जाणारं पाणी, हे सगळं त्या पद्धतीचं देणं. 1894 मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि तिथून छापलेले देव गरिबाच्या भिंतीवरही पोचले. म्हणजे ज्या तसबिरीला आपण रोज हळदकुंकू लावतो, तिच्यात युरोप आधीच येऊन बसलेला आहे!

आणि आपल्या नाशिकचं काय? दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म 1870 चा. त्यांनी 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला, नंतर बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले, काही काळ रविवर्म्याच्याच छापखान्यात काम केलं. जे. जे. ही 1857 पासूनची संस्था, इंग्रजांनी इंग्लंडच्या धर्तीवर शिकवायला काढलेली. तिथलं शिक्षण, छापखान्यातली देवादिकांची चित्रं आणि येशूच्या जीवनावरचा एक परदेशी सिनेमा या तिन्हींतून 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. येशूला पडद्यावर बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण येत होते, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. बाहेरचं बघून आपलं विसरायला होतं असं म्हणणाऱ्यांनी या माणसाकडे बघावं.

फाळके स्मारकाच्या मागे पांडवलेणी आहेत. सहलीला आपण सगळ्याच जातो, डबा खातो, खाली येतो. पुढच्या वेळी सतरा नंबरच्या लेण्याशी थोडं थांबा. तिथल्या शिलालेखात दान देणाऱ्याचं नाव आहे, इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्री गावचा आणि जातीने यवन, म्हणजे ग्रीक वंशाचा. या परक्या वंशाच्या माणसाने आपल्या आई-वडिलांच्या नावे इथे लेणं कोरवलं, पाण्याची टाकी खोदवली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी! ग्रीकांची कला शिकणं म्हणजे फार लांबचं काही शिकणं, असं नाशिककरांनी तरी म्हणू नये. तीन नंबरचं लेणंही बघा. ते गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचं दान. दगडात कोरलेलं बाईचं नाव अजून वाचता येतं.

आता खरा मुद्दा. बाईचं नाव. पाश्चात्त्य कलेच्या इतिहासाचं पुस्तक उघडलं तर त्यात बायका पानोपानी दिसतात. मोनालिसा आहे, व्हीनस आहे, मांडीवर बाळ घेतलेली मेरी आहे. चित्रात बाई भरपूर, पण चित्र काढणारी बाई कुठे आहे? अमेरिकेतल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं जे जाडजूड पाठ्यपुस्तक लावलं जायचं, त्या जॅन्सनच्या ‘हिस्टरी ऑफ आर्ट’च्या 1962 च्या पहिल्या आवृत्तीत एकाही स्त्री चित्रकाराचं नाव नव्हतं. स्त्रियांची नावं आली ती ऐंशीच्या दशकात. 1971 मध्ये लिंडा नॉकलिन या प्राध्यापिकेने सरळ प्रश्नच विचारला, थोर स्त्री चित्रकार का झाल्या नाहीत? तिचं उत्तर आपल्याला समजायला अजिबात जड नाही. गुण नव्हते असं नाही, दारं बंद होती.

कोणती दारं? युरोपात मोठं चित्र काढायचं तर माणसाच्या शरीराचा अभ्यास लागायचा आणि त्यासाठी समोर उघड्या अंगाचा मॉडेल बसायचा. त्या वर्गात बाईला जायला मनाई. लंडनची रॉयल अकॅडमी 1768 मध्ये स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत दोन स्त्रिया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पुढे योहान झोफानी नावाच्या चित्रकाराने या सगळ्या सभासदांचं एकत्र चित्र काढलं. पुरुष मंडळी मॉडेलभोवती ऐसपैस बसलीत, उभी आहेत. या दोघी कुठे? भिंतीवरच्या तसबिरींत! त्या खोलीत बायकांनी असणं शोभलं नसतं म्हणून त्यांना फ्रेममध्ये घालून भिंतीला टांगलं. त्यानंतर त्या संस्थेची पूर्ण सभासद म्हणून निवडून यायला एका बाईला 1936 साल उजाडावं लागलं. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना 1897 मध्ये आत घेतलं.

मी बायकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम गेली कित्येक वर्षं करते आहे. म्हणून या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती आर्टेमिसिया जेंतिलेस्की. जन्म 1593, रोममधला. बाप चित्रकार, त्यामुळे घरातच शिकली. बापाच्याच ओळखीच्या एका चित्रकाराने तिच्यावर बलात्कार केला. 1612 मध्ये खटला चालला, कित्येक महिने. आणि ती खरं बोलते का हे बघायला बोटांना दोऱ्या बांधून आवळण्यात आल्या, चित्र काढणाऱ्या मुलीच्या बोटांना! माणूस दोषी ठरला, पण शिक्षा काही त्याने धड भोगली नाही. यातलं काय आपल्याला अनोळखी आहे, सांगा बरं? फरक पुढे आहे. ती रंगवत राहिली. बायबलच्या गोष्टीतली जुडिथ शत्रूच्या सेनापतीचा गळा कापते, ते चित्र तिने काढलं. इतर चित्रकारांची जुडिथ नाजूक, अंग चोरून उभी असायची. आर्टेमिसियाच्या चित्रात जुडिथ आणि तिची दासी दोघींच्या बाह्या वर सरकवलेल्या आहेत, दंडात जोर दिसतो, दोघी मिळून काम करताहेत. कणीक तिंबणाऱ्या, विहिरीचं पाणी ओढणाऱ्या बाईचे हात कसे असतात हे तिला माहीत होतं. 1616 मध्ये ती फ्लॉरेन्सच्या कला अकादमीची सभासद झाली, तो मान मिळवणारी पहिली स्त्री.

अशा कितीतरी आहेत. हॉलंडची जुडिथ लेस्टर, तिचं चित्र फ्रान्स हाल्स या पुरुष चित्रकाराच्या नावावर विकलं गेलं आणि 1893 मध्ये त्यावरची तिची अक्षरं सापडली, तेव्हा कळलं की चित्र बाईचं आहे. पॅरिसची सुझान व्हॅलादों, कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी. चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसायची, बसल्या बसल्या ते कसे रंगवतात ते बघत शिकली आणि स्वतः चित्रकार झाली. बेर्थ मोरिझो हिने 1872 मध्ये पाळण्यातल्या बाळाकडे बघणारी आई रंगवली, थकलेली, हाताला गाल टेकलेली. ते चित्र बघायला डिग्री लागत नाही, बाळंतपण पुरतं!

आपल्याकडे काय झालं तेही सांगते. जे. जे. मधून 1931 मध्ये पदविका घेणाऱ्या अंबिका धुरंधर या त्या काळच्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. प्रसिद्ध चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांची ही मुलगी. गोव्याच्या घराण्यातल्या अँजेला त्रिंदाद यांनी मेरीला साडी नेसवली. बघा, दोघींचेही वडील चित्रकार. आर्टेमिसियाचेही तसेच. घरात रंग असले तर मुलीच्या हाताला लागतात, नाहीतर तिला कोण देतं? आणि फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई, ज्या फिल्म धुण्यापासून फिल्मला भोकं पाडण्यापर्यंत सगळं करायच्या आणि वर युनिटचा स्वयंपाकही, त्यांचं नाव आपल्यापैकी किती जणींनी शाळेत ऐकलं होतं? पश्चिमेकडे काय झालं ते शिकलं की आपल्याकडचे असे कोपरे दिसायला लागतात. मला तरी हा उपयोग फार मोठा वाटतो.

अजून एक गोष्ट येवल्याच्या बायकांनी मुद्दाम ऐकावी. पश्चिमेत चित्र आणि शिल्प ही ‘मोठी कला’ आणि विणकाम, भरतकाम ही ‘हलकी कला’, असं बरीच शतकं मानलं गेलं. जर्मनीत 1919 मध्ये बाउहाउस ही नव्या विचारांची शाळा निघाली. तिथे मुलींना प्रवेश होता, पण बहुतेकींना विणकाम विभागाकडे वळवलं जायचं. त्यातूनच गुंटा श्टोल्झ्ल आणि अ‍ॅनी आल्बर्स यांनी विणकामाला असं काही नेलं की आज त्यांचं कापड जगातल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये भिंतीवर लागतं. आपल्या पैठणीच्या पदरावरचा मोर ही कला की कारागिरी? हा प्रश्न एकदा पडला की मजुरीचा प्रश्नही मागोमाग येतो.

आता अडचणी. पहिली, उघडी चित्रं. सिन्नरकडच्या एका बाईंनी मला सांगितलं, मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकात व्हीनसचं चित्र बघून सासरे म्हणाले, हे असलं शिकवतात होय? त्यांचा संकोच मला कळतो. पण आपल्या देवळांच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी काय नेसून उभ्या आहेत? शिकलं नाही तर माणूस नुसता लाजतो किंवा चोरून बघतो. शिकलं तर विचारतो, हे चित्र कोणी सांगून काढून घेतलं, पैसे कोणी दिले, ही बाई कोणाकडे बघते आहे? आज मोबाइलवर बाईचं शरीर ज्या तऱ्हेने विकलं जातं, ते ओळखायला मुलींना हाच प्रश्न लागणार आहे.

दुसरी अडचण भाषेची. चांगली पुस्तकं बहुतेक इंग्रजीत, शब्द अवघड. पण गोष्टी अवघड नाहीत. ‘पर्स्पेक्टिव्ह’ म्हणजे काय? मनमाडच्या प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून रूळ बघा, लांब जाऊन एकत्र मिळाल्यासारखे दिसतात ना, तेच. फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी पंधराव्या शतकात त्याचं गणित बसवलं. काराव्हॅज्जोचा अंधार-उजेड? लोडशेडिंगच्या दिवसांत कंदिलाच्या उजेडात अर्धाच दिसणारा चेहरा आठवा. आपल्या मुक्त विद्यापीठाचं मुख्यालय 1989 पासून नाशिकलाच आहे आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद आहे. घरच्या बाईला झेपेल असा कलेच्या इतिहासाचा सोप्या मराठीतला छोटा अभ्यासक्रम आपण तिथे मागायला काय हरकत आहे?

तिसरी अडचण पैशाची, तीही लपवत नाही. या विषयाने उद्या नोकरी लागेल असं मी सांगणार नाही. चित्रकला शिक्षकाच्या जागा मर्यादित असतात. मुलीला कलेकडे पाठवताना ती कापडावर, छपाईत, कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम शिकते आहे ना, हे आईने जरूर बघावं. पण कलेचा इतिहास म्हणजे वेळेचा खर्च, असं मात्र समजू नये. डिझाइन करणाऱ्या मुलीचा तोच तर शिधा.

आणि आपल्यासारख्या घरच्या बायकांनी काय करावं? भिशी असते, हळदीकुंकू असतं, महिला मंडळ असतं. महिन्यातून एकदा एकच चित्र घ्या. आता मोबाइलवर ते मोठं करून बघता येतं. पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, नुसतं बघायचं. मग उजेड कुठून येतोय, कोण कोणाकडे बघतंय, कोणाला कोपऱ्यात ठेवलंय, एवढंच बोलायचं. कॉलेजात पहिल्या वर्षी याहून फार वेगळं करत नाहीत. आणि सहल काढायची तर साताऱ्याजवळच्या औंधला काढा. तिथे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभं केलेलं भवानी संग्रहालय आहे, टेकडीवर, यमाईच्या वाटेवर. देवीचं दर्शन घ्या आणि संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने घडवलेली दगडातली आई आणि मूल बघा. मुंबईला लग्नकार्याला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली युरोपीय चित्रं आहेत, दोन तास काढा. मुलीला घेऊन जा, सुनेलाही.

निवडलेली साडी आपण उजेडात नेऊन उलटसुलट करून बघतो, काठ बघतो, धागा बघतो, मगच पैसे मोजतो. हीच पारख चित्रांना लावायची. डोळे तयारच आहेत आपले. त्यांना थोडा इतिहास द्यायचा राहिलाय.