पाचारण कुणाला, किंमत कुणाची?

परमुलखात धर्मप्रसारासाठी जाणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे दोन ठाम मते फार दिवसांपासून नांदत आहेत. एका मताप्रमाणे मिशनरी म्हणजे त्यागमूर्ती. स्वतःचे घरदार सोडून परक्या गावी शाळा काढणारा, कुष्ठरोग्याच्या जखमा धुणारा. दुसऱ्या मताप्रमाणे तो साम्राज्यशाहीचा हस्तक. त्याच्या हातात बायबल आणि पाठीशी बंदूक. दोन्ही मतांना इतिहासात आधार सापडतो, आणि म्हणूनच दोन्ही पक्षांना अधिक विचार करण्याची गरज भासत नाही. ज्या अनुभवाच्या बळावर एखादे तरुण जोडपे जन्मभूमी कायमची सोडते, त्या अनुभवाला मराठी ख्रिस्ती समाजात ‘पाचारण’ असा शब्द आहे. पाचारण म्हणजे देवाने नाव घेऊन घातलेली हाक. ती खरी की भास, हा वाद श्रद्धावंतांनी आणि नास्तिकांनी खुशाल घालावा. परंतु ही हाक कोणाला ऐकू येते, ऐकू आल्यावर निघण्याची मुभा कोणाला असते आणि निघाल्यावर तिची किंमत कोण मोजते, हे प्रश्न समाजाचे आहेत. त्यांची उत्तरे इतिहासाच्या वहीत शोधावी लागतात.

अमेरिकेतून परदेशी निघालेल्या मिशनरी दांपत्यांमध्ये ॲडोनायरम जडसन आणि ॲन हॅझेल्टाइन यांचे नाव सर्वांत गाजलेले आहे. १८१० साली मॅसॅच्युसेट्स प्रांतातील ब्रॅडफर्ड या गावी तेथील चर्चांची परिषद भरली. अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी परदेशात जाण्याची इच्छा तिच्यापुढे मांडली आणि त्यातून ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनरी संस्था जन्माला आली. त्या विद्यार्थ्यांचा म्होरक्या जडसन होता. परिषदेच्या दिवसांतच हॅझेल्टाइन यांच्या घरी त्याची आणि ॲनची भेट झाली. ५ फेब्रुवारी १८१२ रोजी त्यांचे लग्न लागले, ६ फेब्रुवारीला सेलम येथे जडसनला दीक्षा मिळाली आणि १९ फेब्रुवारीला ‘कॅराव्हॅन’ या जहाजाने दोघे कलकत्त्याकडे निघाले. तो तेवीस वर्षांचा होता, ती बावीस. त्याच जहाजावर सॅम्युएल न्यूवेल आणि त्याची अठरा वर्षांची पत्नी हॅरिएट हे दुसरे जोडपे होते.

लग्नापूर्वी जडसनने ॲनच्या वडिलांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. आपल्या मुलीला या जगात पुन्हा कधीही न भेटण्याच्या तयारीने निरोप देण्यास आपण राजी आहात काय, समुद्राचे धोके, उष्ण हवेचे रोग, अपमान आणि कदाचित अकाली मृत्यू तिच्या वाट्याला येण्यास आपली संमती आहे काय, असे त्याने त्यात सरळ विचारले होते. या प्रामाणिकपणाचे कौतुक धर्मग्रंथांतून पुष्कळ झाले आहे. मात्र हॅझेल्टाइन यांनी निर्णय मुलीवर सोपवला आणि ॲनने तो कित्येक आठवडे स्वतःच्या मनाशी झगडून घेतला, याकडे तितकेसे लक्ष जात नाही. ती शाळेत शिकवत होती, वाचत होती, स्वतंत्रपणे विचार करत होती. हाक तिलाही ऐकू आली होती. परंतु त्या काळी अविवाहित स्त्रीला परदेशी पाठवण्यास बोर्ड तयार नव्हते. पुरुषाला हाक आली तर तो मिशनरी होई. स्त्रीला आली तर तिला आधी मिशनऱ्याची बायको व्हावे लागे. दीक्षा पुरुषाला, पगार पुरुषाच्या नावे, आणि स्त्रीचे श्रम ‘साहाय्य’ या सदरात. गृहिणीच्या कामाला काम न मानणाऱ्या व्यवस्थेचे हे धार्मिक रूप होते.

हॅरिएट न्यूवेलने मोजलेली किंमत तर विचारायलाच नको. कलकत्त्यास पोचताच ईस्ट इंडिया कंपनीने या मंडळींना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. न्यूवेल दांपत्य आज मॉरिशस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेटाकडे निघाले. वाटेत जहाजावरच हॅरिएट बाळंत झाली. मूल पाच दिवसांत गेले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तीही गेली. ज्या लोकांसाठी ती निघाली होती त्यांच्यापैकी एकालाही तिला शिकवता आले नाही. तरीही तिचे चरित्र अमेरिकेत घरोघर वाचले गेले आणि ते वाचून कित्येक मुलींना मिशनरी व्हावेसे वाटले. एका मुलीच्या मरणातून संस्थेला नवे मनुष्यबळ मिळाले. त्यात कोणाचा कावा होता असे मुळीच नाही. परंतु हौतात्म्याची गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येक चळवळीने या हिशेबापाशी क्षणभर थांबावयास हवे.

कंपनीने मिशनऱ्यांना हाकलले ही वस्तुस्थिती, बायबल आणि बंदूक यांची सरसकट जोडी लावणाऱ्यांना अडचणीची वाटावी अशी आहे. १८०६ सालच्या वेल्लोरच्या शिपायांच्या बंडाचे खापर कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांनी मिशनऱ्यांवर फोडले होते. धर्माच्या नावाने रयत बिथरली तर नफा बुडेल, हे त्यांचे साधे व्यापारी गणित होते. १८१३ च्या सनदी कायद्याने परवाना घेऊन येणाऱ्या मिशनऱ्यांना दार उघडले, ते ब्रिटनमधील धार्मिक लोकमताच्या दडपणामुळे. साम्राज्य आणि मिशन यांचे नाते असे सोयीचे होते; कधी हातात हात, कधी पाठीला पाठ.

जडसन दांपत्याच्या आयुष्यात या दोन्ही अवस्था आल्या. जुलै १८१३ मध्ये ते ब्रह्मदेशात रंगूनला पोचले. पहिला ब्रह्मी मनुष्य ख्रिस्ती होण्यास सहा वर्षे लागली. दरम्यान दोघे भाषा शिकले. ॲनने ब्रह्मी भाषेत प्रश्नोत्तरी रचली, सयामी भाषेत मत्तयाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर केले. १८२४ साली इंग्रज आणि ब्रह्मदेशाचा राजा यांच्यात युद्ध पेटले आणि गोऱ्या कातडीचा प्रत्येक मनुष्य आवा येथील दरबाराला इंग्रजांचा हेर वाटू लागला. अमेरिकन जडसन सुमारे दीड वर्ष बेड्यांत राहिला. त्याला जगवले ते ॲनने. गरोदरपणी आणि पुढे कडेवर तान्ही मुलगी घेऊन ती अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवत होती, लाच देत होती, अर्ज करत होती, तुरुंगात अन्न पोचवत होती. ती स्वतः आजाराने अंथरुणाला खिळली तेव्हा तिनेच पहारेकऱ्यांना भेटी देऊन जडसनसाठी बाहेर पडण्याची परवानगी मिळवली आणि पायांतल्या बेड्यांसह ते मूल घेऊन तो गावातल्या आयांकडे दूध मागत फिरला. परक्या धर्माच्या, परक्या वर्णाच्या, शत्रू समजल्या गेलेल्या माणसाच्या मुलीला त्या ब्रह्मी बायांनी पाजले. त्यांची नावे कोणत्याही मिशनच्या अहवालात नाहीत. करुणा हा कोणत्याही एका धर्माचा मक्ता नाही याचा याहून उघड पुरावा कोणता हवा?

युद्ध संपले ते २४ फेब्रुवारी १८२६ च्या यांदाबूच्या तहाने. त्याने ब्रह्मी राजाचा मोठा मुलूख घेतला आणि त्याच्यावर एक कोट रुपयांची खंडणी लादली. या तहाच्या बोलण्यांत दुभाष्याचे काम जडसनने केले. त्याच वर्षी इंग्रज वकील क्रॉफर्ड याच्या शिष्टमंडळाबरोबर तो पुन्हा आव्याला गेला. तो तिकडे असतानाच, २४ ऑक्टोबर १८२६ रोजी, इंग्रजांनी नव्याने घेतलेल्या मुलखात ॲम्हर्स्ट या ठिकाणी ॲन मरण पावली. वय अवघे छत्तीस. सहा महिन्यांनी ती मुलगीही गेली. जडसनने १८३४ साली संपूर्ण बायबल ब्रह्मी भाषेत आणले, मोठा शब्दकोश रचला, आणखी दोन लग्ने केली. त्याचे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या लोकांची सेवा करण्याची हाक आली त्यांच्या पराभवाच्या कागदावर दुभाष्या म्हणून बसण्याचा प्रसंग यावा, ही त्या हाकेचीच शोकांतिका म्हटली पाहिजे.

आता वहीचे आणखी एक पान उलटावे. ‘पहिले अमेरिकन परदेशी मिशनरी’ हा मान जडसन आणि त्याच्या सोबत्यांना सर्रास दिला जातो. वास्तविक त्यांच्या आधी जवळजवळ तीस वर्षे जॉर्ज लाइल नावाचा काळा धर्मोपदेशक आणि त्याची पत्नी हॅना हे जमैकात पोचले होते. लाइल गुलाम म्हणून जन्मला. मालकाने त्याला मुक्त केले होते. परंतु मालकाच्या मृत्यूनंतर वारसांनी त्याला पुन्हा गुलाम करण्याचा प्रयत्न केला आणि तुरुंगातही डांबले. इंग्रजांनी सव्हाना सोडले तेव्हा त्याने एका इंग्रजधार्जिण्या कर्नलाकडून प्रवासखर्च उसना घेतला, त्या कर्जापोटी स्वतःला वेठीस बांधून घेतले आणि बायकामुलांसह १७८३ च्या जानेवारीत तो किंग्स्टनला उतरला. कर्ज फेडले, मग गुलामांमध्ये उपदेश सुरू केला. त्याच्यामागे बोर्ड नव्हते, वर्गणी नव्हती, निरोपाची प्रार्थनासभा नव्हती. गुलामांना पाठवण्यापूर्वी मालकाची परवानगी आणा, अशी अट त्याला पाळावी लागली, राजद्रोहाच्या आरोपावरून पुन्हा तुरुंग पाहावा लागला. अशा मंडळ्यांतून वाढलेल्या बॅप्टिस्ट गुलामांनी १८३१ च्या नाताळात काम बंद करून जमैकाचे मळे हादरवले. त्यांचा पुढारी सॅम्युएल शार्प फासावर गेला. पण पुढच्याच वर्षी, १८३३ साली, ब्रिटिश पार्लमेंटला गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा करावा लागला. लाइल दांपत्याची हाक गुलामांमध्ये पोचली आणि तिथे तिला वेगळाच प्रतिध्वनी मिळाला.

उलट अमेरिकेत काय घडले? बॅप्टिस्ट पंथीयांचे राष्ट्रव्यापी संघटन १८१४ साली उभे राहिले ते जडसनच्या मिशनला पैसा पुरवण्यासाठी. गरीब बायकांनी साठवलेली नाणीदेखील अशा कामांच्या झोळीत पडत होती. त्याच संघटनेपुढे १८४४ साली प्रश्न आला, की गुलामांचा मालक मिशनरी होऊ शकतो काय? उत्तरेच्या मंडळाने नकार दिला, आणि १८४५ साली दक्षिणेकडील मंडळ्यांनी ऑगस्टा येथे आपला वेगळा संघ काढला. सातासमुद्रापलीकडच्या आत्म्यांची हाक ज्यांना स्पष्ट ऐकू येत होती, त्यांच्यापैकी कित्येकांना स्वतःच्या मळ्यातला आक्रोश ऐकू येत नव्हता. दूरचे दुःख आपली मालमत्ता मागत नाही, जवळचे मागते. कानांच्या या बहिरेपणाचे कारण आर्थिक होते.

महाराष्ट्राशीही या इतिहासाचा धागा जोडलेला आहे. १८१२ च्या त्या तुकडीपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल व रोक्साना नॉट हे दांपत्य १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. सरकारच्या हद्दपारीच्या हुकमाशी झगडत राहिले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. हाती धर्मांतरे फार थोडी लागली. परंतु १८२७ साली सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका याच मिशनमध्ये आली. जे दार ॲनसाठी बंद होते ते एवढ्या अवधीत किलकिले झाले होते. तिची अहमदनगरची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीरावांनी शाळा घेतली, दीक्षा घेतली नाही. स्वीकारणाऱ्याने आपल्या गरजेचे घ्यावे आणि बाकीचे नम्रपणे परत करावे, हा त्याचा अधिकार असतो. तो अधिकार मानणाऱ्या सेवेलाच सेवा म्हणता येते.

आज या प्रश्नाची चर्चा भलत्याच दिशेने चालते. ओडिशाने १९६७ साली धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला, त्याचे नाव ‘धर्मस्वातंत्र्य कायदा’. तेव्हापासून अनेक राज्यांनी ही वाट धरली आहे. दडपणाने किंवा लालूच दाखवून केलेले धर्मांतर कोणताही समाजवादी मान्य करणार नाही. परंतु दलित, आदिवासी हा भाकरीच्या तुकड्यावर विकला जाणारा अजाण जीव आहे, असे गृहीत धरणारा कायदा त्याला नागरिक मानत नाही, कुळ मानतो. याच ओडिशात ग्रॅहम आणि ग्लॅडिस स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन दांपत्य बारीपदा येथे कुष्ठरोग्यांमध्ये काम करत होते. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर येथे ग्रॅहम आणि त्यांचे दोन लहान मुलगे यांना जमावाने गाडीत जिवंत जाळले. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि त्या पुढेही काही वर्षे त्याच कामात राहिल्या. त्यांच्या धर्ममतांशी मतभेद असणाऱ्यालाही यापुढे मान लववावी लागेल. आणि ज्यांनी काडी लावली त्यांनी कोणत्या धर्माचे रक्षण केले, हे त्यांच्या पाठीराख्यांनी सांगावे लागेल.

उरतो प्रश्न स्वतःच्या घराचा. हाक केवळ चर्चमध्येच ऐकू येते असे नाही. १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभे राहिलेले शामराव आणि गोदावरी परुळेकर हेही हाक ऐकून निघालेले दांपत्यच होते, आणि तिथे गोदावरीबाई कोणाच्या साहाय्यक नव्हत्या. परंतु असे जोडपे विरळा. समाजवादी चळवळीतील किती पूर्णवेळ कार्यकर्ते बायकोच्या मास्तरकीच्या पगारावर उभे होते, आणि अधिवेशनाच्या ठरावात त्या बायकांच्या नावे किती ओळी लिहिल्या गेल्या? ॲन जडसनच्या वाट्याला निदान चरित्रे तरी आली. मिशनऱ्यांच्या हाकेवर टीका करण्याचा अधिकार ज्यांना हवा असेल, त्यांनी आधी आपल्या हाकेची वही उघडावी. ज्यांच्याकडे जावयाचे त्यांना नकाराचा हक्क आहे काय, आणि ज्यांना बरोबर न्यायचे त्यांचा शब्द निघण्यापूर्वी घेतला आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे चर्चने द्यावीत तशी पक्षानेही द्यावीत.