रमाईसाठी रडलो, पुढे काय?



१४ एप्रिलची मिरवणूक जळगावात पाहा की धुळ्यात, एक गाणे वाजल्याशिवाय राहत नाही. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' या मालिकेचे शीर्षकगीत. मालिका स्टार प्रवाहवर २०१९ साली १८ मे रोजी, ऐन बुद्धपौर्णिमेला सुरू झाली आणि २०२० च्या ऑक्टोबर महिन्यात संपली. मालिका संपून वर्षे लोटली, पण गाणे काही संपले नाही. लग्नाच्या मांडवात ते लागते, नामकरणाला लागते, रिक्षात लागते. ज्या लेकरांचा जन्म मालिका संपल्यावर झाला त्यांनाही ते तोंडपाठ आहे. मोबाईलवर मालिकेचे तुकडे अजून फिरतात आणि जेवणे झाली की बायाबापड्या ते पुन्हा पुन्हा पाहतात.

मी या मालिकेची चाहती आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे जे चार कडू शब्द येतील ते परक्याचे नाहीत, घरातल्या माणसाचे आहेत, हे ध्यानात येईल.

आमच्या पिढीने टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो दुसऱ्याच्या दारात उभे राहून. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. गाणे सुरू झाले की लोक हात जोडत, टीव्हीला हार घालत, उदबत्ती लावत. त्या पेटीत सारे होते, फक्त आपले कोणी नव्हते. आणि बत्तीस वर्षांनी त्याच पेटीतून घराघरांत 'भीमराया' ही हाक ऐकू आली. आपल्याच नव्हे, वरच्या आळीतल्या घरांतूनही आली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब उभे केले, शिवानी रांगोळे यांनी रमाई उभी केली. दोघांनी मन लावून काम केले, याबद्दल दुमत नसावे.

गाण्याचे मोल किती, हे ज्याला कळत नसेल त्याने मालिकेच्या चार वर्षे मागे जावे. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. निमित्त काय, तर त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. लग्नासाठी आलेला शिकता मुलगा होता तो. एका गाण्यासाठी जीव गेला. आणि २०१९ साली तसलेच गाणे मोठ्या वाहिनीवर रोज वाजू लागले, जाहिरातवाले पैसे मोजू लागले. ज्या घरात रिंगटोन ऐकून कपाळावर आठी पडत होती त्या घरातही ते गाणे शिरले. हा बदल लहान नाही. म्हणूनच शीर्षकगीत लागले की माझी मान आजही ताठ होते.

त्या गाण्याला आवाज आदर्श शिंदे यांचा. गीत-संगीतात त्यांच्या जोडीला भाऊ उत्कर्ष. आनंद शिंदे यांची ही मुले, प्रल्हाद शिंदे यांचे नातू. प्रल्हाददादांनी भीमगीते गायली, कव्वाल्या गायल्या, विठ्ठलाची गाणीही गायली. आषाढीला आजही त्यांचा आवाज लागतो. २००४ साली ते गेले. त्याच साली लोककवी वामनदादा कर्डकही गेले. त्या पिढीने फाटक्या खिशाने गावोगाव फिरून बाबासाहेब गाण्यातून पोहोचवले. त्यांच्या नातवाच्या पिढीने ते टीव्हीवर पोहोचवले. इथपर्यंत सारे आनंदाचेच.

आता त्या भागाकडे येते ज्याची चर्चा वस्तीत सर्वांत जास्त झाली. रमाईंच्या शेवटच्या दिवसांचा भाग. २७ मे १९३५ ला रमाई राजगृहात गेल्या, हे आपल्याला ठाऊकच आहे. तरीही तो भाग पाहताना एकही डोळा कोरडा राहिला नाही. आमच्या शेजारच्या आजीबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माय वं, रमाईनी कितलं सोसं वं!" त्यांच्या सुनेने स्वयंपाक अर्धवट टाकला. घरात नेहमी अंतर राखून बसणारे पुरुषही डोळे टिपत होते.

मीही रडले. ते रडणे खोटे नव्हते. पण दुसऱ्या दिवशी धुणे धुताना मनात आले, काल आपण नक्की कशासाठी रडलो? रमाईंसाठी की वाद्यांसाठी? मरणाचा प्रसंग आला की मालिकावाले काय करतात हे आपण शेकडो मालिकांत पाहिले आहे. सूर आर्त होतो, कॅमेरा चेहऱ्यावर थांबतो, कुणीतरी हंबरडा फोडते, आणि आपल्या डोळ्यांना पाणी येते. सासू-सुनेच्या मालिकेतही येते. तेच पाणी रमाईंसाठी आले तर रमाई वेगळ्या कशा ठरल्या?

वेगळ्या होत्या त्या. परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी संसार केला. पाच लेकरांपैकी चार गेली: गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी राजरत्न. मागे राहिले ते एकटे यशवंत. साहेब लंडनला शिकत होते तेव्हा आण्या-पैशांचा हिशेब बसवून घर चालवले ते या बाईने. आणि याच रमाईंनी पंढरपूरला जायचा हट्ट धरला होता. बाबासाहेबांनी नकार दिला. जिथे आपल्या माणसाला देवाच्या दारात उभे राहू देत नाहीत तिथे जायचे कशाला, आपण आपले दुसरे पंढरपूर उभारू, अशा अर्थाचे ते बोलले, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. मला वाटते, रमाईंच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रसंग त्यांचे मरण नव्हे, हा संवाद आहे. एक श्रद्धाळू बाई प्रश्न विचारते आणि नवरा तिला दटावत नाही, कारण सांगतो. त्या उत्तराचा शेवट १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात झाला. तो दिवस पाहायला रमाई नव्हत्या.

पुढे १९४० साली बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ आपल्या 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी तिच्या अश्रूंबद्दल लिहिले नाही. तिच्या मनाच्या थोरपणाबद्दल, धीराबद्दल आणि कोणी मित्र नसलेल्या ओढगस्तीच्या दिवसांत तिने दिलेल्या साथीबद्दल लिहिले. नवऱ्याने बायकोला धीराची बाई म्हणून ओळखले. आपण मात्र तिला फक्त सोसणारी बाई म्हणून ओळखतो आणि रडतो. सुनेने सोसावे, रमाईने नाही का सोसले, असे म्हणणाऱ्या सासवा आपल्यात कमी नाहीत. सोसण्याचा दाखला म्हणून रमाई वापरली जाणार असेल तर ते अश्रू महाग पडतील.

दुसरी भीती याहून मोठी आहे. 'रामायण' लागले की लोक टीव्हीला उदबत्ती लावत, हे वर सांगितलेच. आपल्या काही घरांतही मालिकेचे शीर्षकगीत लागले की आयाबाया हात जोडत. भाव चांगला, पण सवय जुनी. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असेल, पण राजकारणात ती अधःपाताचा आणि पुढे हुकूमशाहीचा मार्ग ठरते. ज्या माणसाने हे सांगितले त्याच्याच चित्रापुढे आपण डोळे मिटून उभे राहायचे काय? हात जोडले की डोळे मिटतात. बाबासाहेबांना उघड्या डोळ्यांचे अनुयायी हवे होते.

कोणी म्हणेल, ताई, गाणे म्हटले की भावना आलीच. खरे आहे. पण गाण्यातून विचारही येतो, हे आपल्याच वाडवडिलांनी दाखवले आहे. १९३० च्या दशकात नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार जलसा घेऊन गावोगाव हिंडत. बाज तमाशाचाच. ढोलकी होती, गण होता, मधे मधे खटकेबाज संवाद होते. पण त्या संवादांत मेलेल्या जनावराचे मांस सोडा, दारू सोडा, पोरीला शाळेत घाला, हे सांगितलेले असे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह का, पुणे करार काय, हे निरक्षर माणसाला त्या फडात कळे. एकाने अडाण्याचे सोंग घ्यायचे, उलटसुलट प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. लोक पोट धरून हसत आणि घरी जाताना वाद घालत. खुद्द बाबासाहेब अशा जलशाला आपल्या भाषणांपेक्षा मोठे मानत, असे जुनी माणसे सांगत आली. जलसा पाहून माणूस भांडत घरी जाई, मालिका पाहून माणूस डोळे पुसून झोपी जातो. फरक इतकाच आहे, पण फार मोठा आहे.

आता आपल्या खानदेशाचीच गोष्ट घ्या. साल १९२९. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सदस्य होते. खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्याकडे आले. परतताना ते चाळीसगावला उतरले, धुळ्याच्या फाट्यावरच्या एका गावात बहिष्काराची चौकशी करून पुढच्या गाडीने परत चाळीसगावला आले. स्टेशनवर आपली माणसे हार घेऊन उभी. महारवाडा साधारण दोन मैलांवर, नदीच्या पलीकडे. स्टेशनबाहेर टांगेच टांगे. तरी तासभर बाबासाहेबांना थांबवून ठेवले. का, ते त्यांना कळेना. शेवटी एक टांगा आला. हाकणाऱ्याचा हात बसलेला नव्हता. दोनशे पावलांवर मोटारीशी टक्कर होता होता वाचली. नदीवरच्या फरशी पुलावर घोडे उधळले, चाक दगडाला धडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, टांगा घोड्यासकट नदीत गेला. त्यांचा पाय मोडला, कित्येक दिवस ते अंथरुणावर होते.

मागाहून उलगडा झाला. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. आपल्या माणसांना साहेबांनी पायी यावे हे पटेना. मग तडजोड झाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. बाबासाहेबांनी हे सारे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे. साधा टांगेवालासुद्धा एका बॅरिस्टरपेक्षा स्वतःला उच्च समजतो, हे त्या दिवशी आपल्याला कळले, असे ते लिहितात. आणि आपल्या माणसांनी मानापायी जिवाची काळजी विसरली, हेही प्रेमाने पण स्पष्ट लिहितात.

हा प्रसंग मालिकेत घ्यायचा म्हटला तर वाद्ये कुठे वाजतील? टांगा नदीत कोसळताना, हे मी डोळे मिटून सांगते. पण गोष्टीचा गाभा तिथे नाही. तो स्टेशनवरच्या त्या एका तासात आहे. गळ्यात हार घालून एक बॅरिस्टर उभा आहे, समोर टांगे उभे आहेत, आणि काहीच घडत नाही. त्या तासाला वाद्य नसते. त्या तासाला प्रश्न असतो. आजही भाड्याची खोली बघायला गेलेल्या आपल्या पोराला आडनाव विचारले जाते आणि मग "मालकांना विचारून सांगतो" असे म्हणतात, तेव्हा तो तास पुन्हा सुरू होतो. ते वाट पाहणे पडद्यावर दिसले पाहिजे. नसेल दिसत तर आपण ते लेकरांना दाखवले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. मालिका जरूर पाहा, लेकरांना दाखवा. शीर्षकगीत मोठ्याने लावा. त्याची किंमत कोणी कशी चुकवली तेही सांगा. पण भाग संपला की टीव्ही बंद करा आणि पोरांना विचारा: रमाईने पंढरपूर का मागितले? बाबासाहेबांनी नाही का म्हटले? आपण काय केले असते? उत्तर चुकले तरी चालेल, प्रश्न सुटता कामा नये. घरातल्या आजी-मावशींना जात्यावरची, पाळण्याची भीमगाणी येत असतील तर ती मोबाईलवर भरून ठेवा. कोणत्याही वाहिनीकडे ती नाहीत, आणि ती माणसे फार दिवस राहणार नाहीत.

आणि तरुण मंडळींना एक काम. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आलेले बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामाला होते. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला तिथे आपली भीमस्मृती यात्रा भरते. येत्या यात्रेत डीजेला अर्धा तास विश्रांती द्या. एक ढोलकी, चार पोरे, चार पोरी, आणि चाळीसगावच्या टांग्याचा जलसा. टांगेवाल्याचे सोंग घेणारा असा हवा की लोक हसले पाहिजेत, आणि हसता हसता गप्प झाले पाहिजेत. लिहायला मदत लागली तर या पानाला पत्र टाका. आम्ही आहोत.

जयभीम!