शंखजिऱ्याचा करंडक घडवणारे हात



ट्रॉम्बे-माहूलच्या रिफायनऱ्यांत फॅब्रिकेशनच्या कामाला जाणारे फिटर, वेल्डर पांढऱ्या दगडाची चपटी कांडी जवळ बाळगतात. लोखंडी प्लेटवर तिने खूण करतात. साध्या खडूची रेघ गॅस-कटरच्या आचेपुढे टिकत नाही, हिची टिकते. ही कांडी सोपस्टोनची, म्हणजे आपल्या आज्या ज्याला शंखजिरे म्हणत, त्या दगडाची. नखाने ओरखडा पडेल इतका हा दगड मऊ, पण आगीला भीत नाही आणि पाणीही पीत नाही.

या दगडाला आपल्या इतिहासात मोठा मान आहे. १८५१ साली सांचीच्या तिसऱ्या स्तूपात कनिंगहॅम यांना तथागतांचे अग्रश्रावक सारिपुत्त आणि महामोग्गल्लान यांचे अस्थिधातू सापडले, ते शंखजिऱ्याच्या करंडकांत. सारिपुत्तांचा करंडक साधारण सहा इंच रुंद, तीन इंच उंच आणि लेथवर फिरवून घडवलेला. झाकणाच्या आत नावाचे पहिले अक्षर शाईने लिहिलेले! हे अस्थिधातू इंग्लंडला गेले, परत आले आणि १९५२ च्या नोव्हेंबरात सांचीच्या नव्या विहारात ठेवले गेले. पुढे १९५८ साली वैशालीच्या स्तूपातही असाच करंडक निघाला. त्यात राखमिश्रित माती, छोटा शंख, मणी, सोन्याचा पत्रा आणि तांब्याचे नाणे होते. ते उत्खनन कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. अनंत सदाशिव अळतेकरांनी केले.

शोधणाऱ्यांची नावे आपण वाचतो. पण दोन हजार वर्षांपूर्वी ज्या टर्नरने हे करंडक फिरवले, त्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. त्याचे काम तेवढे उरले.

आज आग्र्याच्या कारखान्यांत याच दगडाच्या जाळीदार डब्या, हत्ती आणि बुद्धमूर्ती कोरल्या जातात. दगड मऊ म्हणून काम सोपे, असे मात्र समजू नका. त्याची पूड फार बारीक असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की खोकला आणि दम मागे लागतो. दगडात गारेचा अंश असला तर धोका आणखी वाढतो. दगड ओला ठेवून कापणे, धूळ ओढणारा पंखा आणि चांगला मास्क एवढे तरी कारागिराला मिळाले पाहिजे. नुसता रुमाल पुरत नाही. आपल्याकडे ग्राइंडरवर दगड-लाद्या कापणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. कामाचे कपडे घरात झटकू नयेत, बाहेरच ओले करून धुवावेत. घरात लहान मुले असतात.

घरासाठी मूर्ती घेताना ती हातात धरून पाहा. शंखजिऱ्याची मूर्ती जड, गार आणि साबणासारखी गुळगुळीत लागते, प्लास्टरची हलकी असते. किंमत जरूर विचारा, पण पाडून मागण्याआधी ती कोरणाऱ्याची छाती आठवा. आणि तुमचा मुलगा टर्नर-फिटर असेल तर त्याला सांचीच्या करंडकाची गोष्ट अवश्य सांगा. आपली विद्या किती जुनी आहे, हे त्याला कळले पाहिजे.