वाळूवरचा रस्ता आणि त्याचा धडा

किनाऱ्यावरचा जुना पूल पाडून नवा बांधण्याचा प्रश्न निघाला की वाद एकाच साच्यात बसवला जातो : माणसे महत्त्वाची की पक्षी? हा साचाच खोटा आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील बॉनर पुलाचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

या राज्याच्या किनाऱ्यासमोर वाळूच्या अरुंद बेटांची एक लांब ओळ आहे. 1846 च्या वादळाने तेथे ओरेगॉन नावाचे समुद्रमुख उघडले आणि त्यानंतर ते मुख तीन किलोमीटरांहून अधिक दक्षिणेकडे सरकले. 1963 मध्ये या चंचल मुखावर सुमारे 4 किलोमीटर लांबीचा बॉनर पूल बांधण्यात आला. त्याचे आयुष्य 30 वर्षांचे धरले होते. प्रत्यक्षात तो 55 वर्षे राबवण्यात आला. पुलापलीकडे रस्ता पी आयलंड अभयारण्यातून हॅटरस बेटावरील गावांकडे जातो. सुमारे 21 किलोमीटर लांबीचे हे अभयारण्य स्थलांतरित पक्ष्यांसाठी 1938 मध्ये, म्हणजे पुलाच्या 25 वर्षे आधी, स्थापन झालेले आहे. हिवाळ्यात तेथे पांढरे कलहंस आणि बदके उतरतात, उन्हाळ्यात लॉगरहेड कासवे अंडी घालतात.

वाळूचे बेट स्थिर नसते. वादळात समुद्राचे पाणी बेट ओलांडून वाळू मागच्या बाजूला नेऊन टाकते. त्या वाळूवर पाणथळ गवत वाढते आणि बेट पुढून झिजत, मागून भरत, जमिनीच्या दिशेने सरकत जिवंत राहते. रस्ता मात्र जागचा हलत नाही. म्हणून त्याच्या रक्षणासाठी वाळूचे उंच बांध रचले जातात, पोती टाकली जातात, वाहून आलेली वाळू पुन्हा समुद्राकडे लोटली जाते. परिणामी मागची बाजू वाळूवाचून उपाशी राहते आणि पुढचा किनारा मात्र झिजतच राहतो. पाईपिंग प्लोव्हर हा चिखल्यांच्या कुळातला छोटा पक्षी वादळाने सपाट केलेल्या उघड्या वाळूवर घरटे करतो. बांधामुळे ती वाळूच तयार होत नाही. पोत्यांच्या भिंतीपुढे कासवाच्या मादीची वाट अडते. किनाऱ्यावर दुसरीकडची वाळू आणून ओतली की वाळूतले बारीक खेकडे व शिंपले गाडले जातात आणि त्यांच्यावर जगणाऱ्या पक्ष्यांचा घास जातो.

पण या हट्टाची किंमत पक्ष्यांनीच मोजली असे नाही. 1990 च्या वादळात गाळ काढणारे एक जहाज पुलावर आदळले, पुलाचा भाग कोसळला आणि हॅटरस बेट काही महिने रस्त्यावाचून राहिले. पुलाचे दक्षिण टोक वाचवण्यासाठी तेथे दगडी धक्का बांधावा लागला. 2011 च्या आयरीन वादळाने अभयारण्यातच नवे समुद्रमुख फोडले व रस्ता तुटला. डिसेंबर 2013 मध्ये खांबांखालची वाळू खचल्यामुळे पूल बंद करावा लागला. दर वेळी मच्छीमार, कामगार आणि आजारी माणसे यांनाच बोटींवर विसंबून राहावे लागले. ज्या रस्त्याने कासवाची वाट अडवली, तोच रस्ता माणसालाही ऐन संकटात दगा देत होता.

अभयारण्याला वळसा घालून खाडीतून सुमारे 27 किलोमीटर लांबीचा पूल नेण्याचा पर्याय पुढे आला होता. तो फार महाग म्हणून बाजूला सारला गेला आणि 2010 मध्ये जुन्या पुलाशेजारीच नवा पूल बांधण्याचे ठरले. पलीकडच्या रस्त्याचे काय, याचा निर्णय मात्र पुढील टप्प्यांवर ढकलण्यात आला. खरी मेख येथेच आहे. प्रकल्पाचे तुकडे करून पहिला तुकडा मंजूर करून घेतला, की पुढचे तुकडे अपरिहार्य ठरतात. वन्यजीव संघटना न्यायालयात गेल्या. 2014 मध्ये अपील न्यायालयाने अंशतः त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि 2015 मध्ये तडजोड झाली. नवा पूल 2019 मध्ये खुला झाला. रोडँथी गावाजवळ सर्वाधिक झिजणारा रस्ता टाळून खाडीवरून जाणारा सुमारे 4 किलोमीटरांचा दुसरा पूल 2022 मध्ये सुरू झाला आणि अभयारण्यातील तेवढा रस्ता उखडण्यात आला. हे यश अपुरे आहे, कारण उरलेला रस्ता आजही वाळूवरच उभा आहे. तरीही ते यश आहे. रस्ता मागे घेता येतो हे त्याने सिद्ध केले, आणि तो मागे घेतल्याने गावे तुटली नाहीत.

आपल्या किनाऱ्यांवर हा प्रश्न परका नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या वेळी वरळीच्या कोळी बांधवांनी पुलाच्या खांबांमधील अंतर वाढवण्याची मागणी केली. 60 मीटरच्या अंतरातून वाऱ्यापाण्यात होड्या सुखरूप नेता येणार नाहीत, हे त्यांचे म्हणणे अनुभवातून आलेले होते. दीर्घ लढ्यानंतर 2022 मध्ये हे अंतर 120 मीटर करण्याचे मान्य झाले. पाण्याची चाल ज्यांना रोज ओळखावी लागते त्यांना आराखडा पक्का झाल्यावर विचारले जाते, हा आपल्याकडील नियोजनाचा मूळ दोष आहे.

म्हणून किनाऱ्यावरील आपल्या कार्यकर्त्यांनी पुलाला आंधळा विरोध किंवा आंधळा पाठिंबा, यांपैकी काहीही करू नये. पूल जनतेला हवाच असतो. इस्पितळ, शाळा आणि बाजार त्याच्या पलीकडे असतात. मागणी अशी असली पाहिजे की पूल आणि त्याला जोडणारा रस्ता यांचा विचार एकत्र व्हावा, पुढील 50 वर्षांत किनारा कोठे असेल याचा हिशेब आधी मांडला जावा, सर्व पर्यायांचा खर्च, डागडुजीच्या खर्चासह, लोकांसमोर ठेवावा आणि मच्छीमारांचे म्हणणे पहिला खांब रोवण्यापूर्वी ऐकले जावे. पक्षी विरुद्ध माणूस हा वाद ज्यांच्या सोयीचा आहे त्यांना तो लखलाभ असो. वाळू सरकते तेव्हा घरटे आणि घर दोन्ही एकाच लाटेच्या वाटेवर असतात.