यंत्राची पूजा आणि यंत्राचा उपवास

खंडेनवमीला आमच्या घरी विळी, शिवणयंत्र, सायकल यांच्या पंक्तीला आता मोबाइलही जाऊन बसला आहे. हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे, नमस्कार करायचा. रीत चांगली आहे. जे हत्यार पोट भरते त्याचे ऋण मानावेच. फरक एवढाच, की बाकीची हत्यारे पूजा आटोपली की मुकाट्याने आपापल्या जागी जातात आणि हे एक मात्र वर्षभर आपल्याकडून पूजा करून घेते!

पूजा कशाची करावी याबाबत ख्रिस्ती धर्म मोठा काटेकोर. माणसाने घडवलेल्या वस्तूला देव मानू नये, ही त्याची जुनी आज्ञा. पण म्हणून ख्रिस्ती माणसे यंत्राला भ्याली, असे मात्र नाही. मराठी शिकवणाऱ्या मला दाखल्यासाठी लांब जावे लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघाले. ओव्या मराठी, लिपी रोमन. कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. छापखाना ही तेव्हाची नवलाईच. पण ती कोणासाठी वापरायची, हे आधी ठरले होते. नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या भाषेत पुराण हवे होते.

अगदी अलीकडचे उदाहरण कार्लो अक्युटिस या इटालियन मुलाचे. संगणकात रमणारा हा पोरगा २००६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. तोवर त्याने आपल्या श्रद्धेच्या विषयावर संकेतस्थळ उभे केले होते. खेळाच्या यंत्रासाठी मात्र आठवड्याला एकच तास, असे बंधन त्याने स्वतःला घालून घेतले होते म्हणतात. ७ सप्टेंबर २०२५ रोजी रोमन कॅथलिक चर्चने त्याला संतपद दिले.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ख्रिस्ती लोक तीन गोष्टी सांभाळतात : प्रार्थना, उपवास आणि दानधर्म. २६ फेब्रुवारी २०२० रोजी, राखेच्या बुधवारी, पोप फ्रान्सिस यांनी या उपवासात मोबाइलही आणला. तो बाजूला ठेवा आणि शुभवर्तमानाकडे वळा, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता. यातली मेख अशी, की नुसते सोडून भागत नाही. सोडल्याने जो वेळ मोकळा होतो, तो कोणाला तरी द्यायचा असतो.

इथेच मला लातूर आठवते. आमची ताई नांदेडची. नांदेडात क्लासेस काही थोडे नाहीत. पण ‘लातूर पॅटर्न’चा लौकिकच असा, की ‘नीट’च्या तयारीसाठी भाची लातूरच्या एका वसतिगृहात गेली. तिथे फोन फक्त रविवारी दोन तास मिळतो. ताई सकाळपासून वाट पाहते. पहिली दहा मिनिटे आईची, मग “ठेवते गं!” आणि उरलेला वेळ रील्सचा. मी एकदा सहज विचारले, तर म्हणाली, “मावशी, आईशी बोललं की रडू येतं. ते बघत बसलं की येत नाही.”

यावर काय बोलावे? सहा दिवस फोन कुलपात आहे, म्हणून हा उपवास झाला का? कुलूप दुसरा लावतो; उपवास आपण होऊन धरायचा असतो. शब्बाथाच्या नियमांचा कीस काढणाऱ्यांना येशूने हेच बजावले होते, की विसाव्याचा दिवस माणसाच्या भल्यासाठी आहे.

आणि उपवास एकट्या पोरांनीच का धरावा? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद. मुलांचे आणि मोठ्यांचेही. गाव ख्रिस्ती नव्हे. पण सर्वांनी मिळून धरलेला उपवास म्हणतात तो हाच.

दिवाळीत लातूर-नांदेडच्या खोल्या रिकाम्या होतात, पोरे घरी येतात. फराळाचे ताट पुढे ठेवताना आधी आईबाबांनी आपला फोन फडताळात ठेवावा. पोरांना काय बोलावे, ते सुचले नाही तरी चालेल. रडू आले, तर येऊ द्यावे. पुसायला आई जवळ असते!