गवतावर बसलेला न्याय

मारामारी, जाळपोळ थांबते. लष्कर निघून जातं. वर्तमानपत्रातली बातमीही शिळी होते. पण मंडळी, ज्यांची शेतं बांधाला बांध लागून आहेत त्यांनी पुढं काय करायचं? ज्यानं आपलं माणूस मारलं, तोच रोज पाणवठ्यावर समोर येणार असेल तर जगायचं कसं? आफ्रिकेतल्या रुवांडा देशात हा प्रश्न गावोगावच्या शेतकऱ्यांपुढं उभा राहिला.

रुवांडा म्हणजे टेकड्यांचा चिमुकला देश. आपल्या महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान. उतारावर घरं, घराभोवती केळी, घेवडा, रताळी आणि कॉफी. हुतू आणि तुत्सी हे दोन समाज तिथं शेजारीशेजारी नांदत होते. बोली एक, सोयरिकीही होत. बेल्जियमच्या राजवटीनं १९३० नंतरच्या काळात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जात नोंदवली आणि भेदाची रेघ पक्की झाली. पुढं सत्तेच्या भांडणात तेल ओतलं गेलं. रेडिओवरून विष पेरलं गेलं. १९९४ च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं कापली गेली. बहुतेक तुत्सी, आणि या कत्तलीला विरोध करणारे हुतूही. मारणाऱ्यांत सैनिक होते, तसे हाती कोयते घेतलेले गाववालेही होते.

तुरुंगात लाखाहून अधिक माणसं कोंबली गेली. नेहमीच्या कोर्टांतून त्यांचे निकाल लागायला पिढ्या गेल्या असत्या. तेव्हा जुनी रीत आठवली. पूर्वी जमिनीचे, गुराढोरांचे तंटे गावातली जाणती मंडळी गवतावर बसून मिटवीत. या बैठकीला गचाचा म्हणत. सरकारनं तिला कायद्याचं रूप दिलं. २००२ साली काही ठिकाणी सुरुवात झाली, २००५ पासून देशभर काम सुरू झालं. बारा हजारांवर न्यायपंचायती बसल्या. पंच गावानंच निवडलेले, त्यांत बायाही. २०१२ च्या जूनपर्यंत एकोणीस लाखांवर प्रकरणं निकाली निघाली.

या बैठकीत गुन्हा कबूल करून खरं सांगणाऱ्याची शिक्षा कमी होई. उरलेल्या शिक्षेतला काही भाग सार्वजनिक कामात भोगता येई. रस्ते करायचे, दगड फोडायचे, माती वाहून जाऊ नये म्हणून डोंगरउतारावर पायऱ्यांची शेती काढायची. लुटलेल्या गाईंची, मोडलेल्या घराची भरपाई द्यायची. पैसा नसेल तर त्या घरच्या शेतात राबून फेडायची.

पण वाचलेल्या आयाबायांना सर्वांत मोठी ओढ होती ती एकाच गोष्टीची. आपलं माणूस कुठं पुरलं? कबुलीजबाबांतून अनेकांना ती जागा कळली. हाडं निघाली, त्यांना मानानं मूठमाती मिळाली. रडायला जागा मिळाली.

हे सगळं गोडच झालं, असं समजू नका. आरोपीला वकील नव्हता. जुन्या वैरातून खोट्या साक्षीही झाल्या. साक्षीदारांना धाक दाखवला गेला, काहींचे खूनही झाले. पुष्कळांना भरपाई मिळालीच नाही. कत्तल थांबवून जे सैन्य सत्तेवर आलं, त्याच्या हातून झालेल्या हत्या तर या पंचायतींपुढं आल्याच नाहीत. त्या घरांचं दुःख मुकंच राहिलं.

तरीही शेजार पुन्हा उभा राहू लागला, तो कामातून. आता तिथल्या ओळखपत्रावर जात लिहीत नाहीत. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी सारं गाव मिळून श्रमदान करतं. २००६ साली गरीब घराला एक गाय देण्याची योजना निघाली. अट एकच, पहिली कालवड दुसऱ्या गरीब घराला द्यायची. तिकडे गाय देणं म्हणजे नातं जोडणं. काही गावांत अशी कालवड मारणाऱ्याच्या घरातून मार खाल्लेल्याच्या घरी गेली, काही ठिकाणी उलटही.

“झालं गेलं विसरा” असं सांगणं सोपं असतं. पण ज्याच्या घरातली माणसं गेली तो विसरत नाही, आणि त्याला कुणी तसं सांगूही नये. माफी ज्याची त्यानं द्यायची. ती हुकमानं मिळत नाही. आधी खरं बोललं पाहिजे, मग जमेल तेवढं भरून दिलं पाहिजे. एका बांधावर पुन्हा काम करायचं बळ त्यानंतरच येतं. रुवांडात दर वर्षी ७ एप्रिलला शोकाचे दिवस सुरू होतात. ते स्मरण करतात, आणि पेरणीही करतात.