उन्हाची सवय कुणाला वाचवते?

‘पिढ्यान्‌पिढ्या उन्हात राबलो, आम्हाला कसला उष्माघात?’ विदर्भ-मराठवाड्यात कुठल्याही पारावर हा युक्तिवाद ऐकायला मिळतो. तो अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. उन्हाची सवय होते, हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. आठवडा-दोन आठवडे रोज उन्हात काम केले की घाम लवकर फुटतो आणि घामावाटे मीठ कमी जाते. पण ही सवय बापाकडून मुलाकडे येत नाही. ज्याची त्याने दर उन्हाळ्यात नव्याने कमवायची असते आणि काम सुटले की काही आठवड्यांत ती ओसरते. वीटभट्टीवर नव्याने रुजू झालेला धडधाकट गडी पहिल्या काही दिवसांतच कोसळतो, तो यामुळेच.

शिवाय सवय मुख्यतः घाम वाढवते. अंग थंड होते ते घाम वाळल्यावर. दमट हवेत तो नुसता निथळतो आणि आतली उष्णता आतच राहते. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशात 40 अंशांची मर्यादा धरते, किनारपट्टीवर मात्र 37 चीच. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्याला मोठी गर्दी जमली होती. पारा 38 च्या आसपास, म्हणजे चंद्रपूरकर ज्याला ऊन म्हणणारही नाहीत इतकाच. माणसे तासन्‌तास उघड्यावर बसली होती आणि 14 जण गेले. सवयीचा दाखला देणाऱ्यांनी या घटनेचे उत्तर द्यावे.

ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवतात त्या कांद्याबद्दलही स्पष्टच बोलायला हवे. कांदा भाकरीबरोबर जरूर खावा, पण खिशात ठेवून शरीराचे तापमान उतरत नाही. त्याच्या भरवशावर माणूस भर दुपारी बाहेर पडतो, हे त्यातले खरे नुकसान. तापाच्या गोळीचेही तसेच. साध्या तापात मेंदूच तापमान वर नेतो, म्हणून गोळी लागू पडते. उष्माघातात शरीराची थंड होण्याची यंत्रणाच कोलमडलेली असते. तिथे गोळी उपयोगाची नाही, उलट आधीच होरपळलेल्या यकृतावर तिचा भार पडतो.

‘अजून घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज तर सर्वांत घातक. अंगमेहनत करताना उष्माघात झालेला माणूस घामाने चिंब असू शकतो. खूण वेगळीच असते: अंग चटका बसावा इतके तापलेले, आणि माणूस असंबद्ध बडबडतो, झोकांड्या खातो, ओळख विसरतो. अशा वेळी 108 ला फोन लावा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, पुठ्ठा मिळाला तर पुठ्ठ्याने वारा घाला, बर्फ असेल तर मान, काखा, जांघा इथे ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी मुळीच ओतू नका. आतले तापमान 40 अंशांच्या वर जितका वेळ राहील तितके मेंदू, मूत्रपिंड आणि यकृत निकामी होत जातात. इस्पितळ गाठण्याआधीची ती मिनिटेच जीव राखतात.

आता ‘भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका’ या दरवर्षीच्या उपदेशाबद्दल. तो खरा आहे, पण ज्याची रोजी दुपारच्या कामावर आहे त्याने काय करावे? बांधकामावरच्या, रस्त्याच्या कामावरच्या कितीतरी बाया दिवसभर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण जवळपास संडास नसतो. त्यांना पाण्याचे महत्त्व पटवून देणे हा त्यांचा अपमान आहे. खारघरनंतर सरकारने दुपारी 12 ते 5 उघड्यावरचे कार्यक्रम घेऊ नयेत असे जाहीर केले. व्यासपीठासमोरच्या गर्दीला जो न्याय, तोच घमेले उचलणाऱ्याला का नाही?

तुमच्या इमारतीचे, रस्त्याचे काम चालू असेल तर ठेकेदाराला चार गोष्टी विचारा: दुपारची सुट्टी किती वाजता, सावली कुठे, पाणी कुठे, आणि बायांसाठी संडास कुठे.